सहा जणांचं एक तिकीट नको

बीड जिल्ह्यात मध्यस्थाचं नाव फारसं चांगलं नाही. बाजारात अडत्या, वाडी-तांड्यावर ऊसतोडीचा मुकादम, कचेरीच्या आवारात अर्ज भरून देणारा. मुकादम उचल देतो आणि अख्खा हंगाम जोडपं बांधून घेतो. अडत्याची पट्टी वाचताना शेतकऱ्याची नजर आधी कपातीवर जाते. अशा गावात कुणी ‘ट्रॅव्हल एजंट’ म्हणून पाटी लावली की लोक पहिला हिशेब मांडतात तो हाच: तिकीट मोबाईलवर मिळत असताना ह्याला वरचे पैसे कशाला? जिल्ह्यातल्या धारूरच्या बसस्टँडवर हा प्रश्न जितक्या वेळा विचारला जातो, तितक्याच वेळा तो पुण्याच्या कोथरूडमध्येही विचारला जात असेल.

प्रश्न रास्तच आहे. पण मोबाईलवर मिळतं ते तिकीट. प्रवासातलं शहाणपण त्यात येत नाही, आणि त्याची किंमत कळायला एक साधं उदाहरण पुरतं.

धारूरच्या एका घरातले सहा जण काशीला निघाले असं धरू. दोन म्हातारे, दोन म्हाताऱ्या आणि सोबतीला नवरा-बायको. नातू मोबाईल उघडतो, सहा नावं भरतो, सहाही जागा पक्क्या होतात, घरात आनंद. गाडीत चढल्यावर कळतं की आजीला वरचा बर्थ आला आहे आणि आजीचे गुडघे वर चढू देत नाहीत. रेल्वेच्या स्लीपर डब्यात सहा-सात खालचे बर्थ ज्येष्ठांसाठी आणि पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांसाठी वेगळे ठेवलेले असतात. पण त्या कोट्यातून जागा मिळते ती एकट्या प्रवाशाला, किंवा एका तिकिटावर त्या वयाचे दोघंच असतील तर. सहा जणांचं एक तिकीट काढलं की तो कोटा हातचा गेला. मुरलेला एजंट हेच काम तीन तिकिटांत करतो: दोन म्हातारे एका तिकिटावर, दोन म्हाताऱ्या दुसऱ्यावर, तरुण जोडपं तिसऱ्यावर. डबे वेगळे पडण्याची शक्यता राहते, तीही तो आधी सांगतो. नोंदणीकृत एजंटाला ई-तिकिटामागे मिळणारी फी साध्या वर्गाला वीस आणि वातानुकूलित वर्गाला चाळीस रुपये इतकीच ठरवून दिलेली आहे. आजीच्या गुडघ्यांच्या हिशेबात ही रक्कम कुणाला जड वाटू नये.

धारूरकरांना ही गरज जास्त आहे, कारण गावाला रेल्वे नाही. जवळचं मोठं स्टेशन परळी वैजनाथ. उत्तरेकडच्या अनेक गाड्यांसाठी मनमाड गाठावं लागतं, म्हणजे घाट उतरून एसटी, मग रात्रीचा फलाट, मग गाडी. ही जोडणी चुकली तर पुढचं सगळं कोलमडतं. बीड शहरात अहिल्यानगरहून रेल्वे आली ती सप्टेंबर २०२५ मध्ये, आणि त्या मार्गाला मंजुरी मिळाल्याला तोवर तीस वर्षं होत आली होती. रेल्वेचं वेळापत्रक तोंडपाठ असणारी पिढी इकडे तयारच झाली नाही. ते पाठांतर ज्याने पोटासाठी केलं, तो एजंट.

कशानंतर काय करायचं, हेही त्यालाच ठाऊक असतं. तिरुपतीचं घ्या. लोक आधी रेल्वेचं तिकीट काढतात आणि मग दर्शनाचं बघू म्हणतात. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं. त्याआधी ते एकशेवीस दिवसांचं होतं. देवस्थानची तीनशे रुपयांची दर्शन तिकिटं मात्र साधारण तीन महिने आधी ऑनलाईन सुटतात आणि बघता बघता संपतात. म्हणजे दर्शन आधी धरायचं आणि गाडी नंतर. उलटं केलं तर तिरुमलाच्या रांगेत रात्र काढण्याची तयारी ठेवावी लागते.

तत्काळचाही असाच घोळ. जुलै २०२५ पासून ऑनलाईन तत्काळला आधारची जोडणी सक्तीची झाली, आणि खिडकी उघडल्यावर पहिला अर्धा तास अधिकृत एजंटांनाही बंदी आहे. वातानुकूलित वर्गासाठी दहा ते साडेदहा, बाकीच्यांसाठी अकरा ते साडेअकरा. तरीही ‘तत्काळ हमखास’ असं सांगणारा कुणी भेटला तर तो स्वतःच्या खासगी खात्यावरून तिकिटं काढून विकत असण्याचा संभव मोठा. रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आपलं तिकीट रद्द होतं ते वेगळंच.

एजंटाची खरी पारख मात्र तो नाही कधी म्हणतो त्यावरून करावी. अमरनाथला तेरा वर्षांखालच्या आणि सत्तर वर्षांवरच्या माणसाला नोंदणी मिळत नाही, आणि ठरवून दिलेल्या डॉक्टरचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. एकाहत्तर वर्षांच्या आजोबांचा ॲडव्हान्स घेऊन ‘तिथं गेल्यावर बघू’ म्हणणारा माणूस दुकानदार झाला. केदारनाथ समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरहून उंच आहे आणि गौरीकुंडहून चढाची वाट सोळा किलोमीटरच्या आसपास. उत्तराखंड सरकारकडे यात्रेची नोंदणी सक्तीची आहे, आणि हेलिकॉप्टरचं तिकीट फक्त आयआरसीटीसीच्या हेलीयात्रा संकेतस्थळावर मिळतं. दर हंगामात बनावट संकेतस्थळांवर लोक पैसे घालवून बसतात. दम्याच्या माणसाला ‘तुम्ही बद्रीनाथपर्यंतच चला, तिथे गाडी जाते’ असं सांगणारा एजंट आपल्या बिलातले चार पैसे कमी करून घेत असतो. असा मिळाला तर धरून ठेवावा.

हा धंदा तसा आपल्याकडे नवा नाही. आगगाडी यायच्या कितीतरी आधी काशी, गया, प्रयाग, त्र्यंबकेश्वर इथले तीर्थोपाध्याय हेच करत होते. उतरायला जागा, जेवण, विधी, आणि घराण्याच्या नोंदींची नामावळी. मराठवाड्यातला माणूस त्र्यंबकला गेला की गाव आणि आडनाव सांगून आपला उपाध्याय शोधतो आणि वहीत पणजोबांचं नाव निघतं. ग्राहकाची माहिती पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवणं हे आजच्या कंपन्यांना संगणक लावून जमतं तेवढंच. दक्षिणेवरून होणारी भांडणं तेव्हाही होतीच.

तिकडे इंग्लंडमध्ये थॉमस कुकने ५ जुलै १८४१ रोजी लेस्टरहून लफबराला सुमारे पाचशे दारूबंदीवाल्यांना एक शिलिंगात आगगाडीने नेऊन आणलं, आणि त्यातून जगभरचा सहलींचा धंदा उभा राहिला. महाराष्ट्रात शिक्षकी पेशातून आलेल्या केसरी पाटील यांनी १९८४ मध्ये केसरी टूर्स काढली; त्यांची कन्या वीणा पाटील यांनी २०१३ मध्ये वीणा वर्ल्ड. या मंडळींनी मराठी मध्यमवर्गाची नेमकी नाडी ओळखली. परदेश बघायचा आहे, पण सोबत आपली भाषा बोलणारा टूर मॅनेजर हवा आणि रात्री वरण-भात मिळाला तर उत्तम. शहरी लोक ह्याला हसतात. पण साठाव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या बाईला हातातला कागद कोणत्या खिडकीत दाखवायचा, हे मराठीत सांगणारं माणूस शेजारी असणं ही चैन नव्हे.

धारूर, केज, अंबाजोगाईकडचा खरा टूरवाला ह्याहून साधा असतो. ऊसतोडीची माणसं परतली, रब्बीचं पीक घरात आलं आणि मृगाला अवकाश आहे, अशा दिवसांत तो पन्नासेक सीटची गाडी भरतो. सोबत आचारी, गॅसच्या टाक्या, पिठाची पोती, मोठी पातेली. दुपारी एखाद्या धर्मशाळेच्या आवारात पिठलं-भाकरी. कीर्तनकार महाराज बरोबर असले की सीट लवकर भरतात. पावती बहुधा वहीच्या पानावर, आणि विमा बहुधा नाही. ह्या शेवटच्या वाक्याची काळजी वाटायला हवी. २३ ऑगस्ट २०२४ रोजी नेपाळमध्ये मर्स्यांगदी नदीत यात्रेकरूंची बस कोसळली आणि जळगाव जिल्ह्यातले पंचवीसेक जण गेले. तशीच माणसं, तसाच प्रवास. रेल्वेच्या ई-तिकिटावर माणशी पंचेचाळीस पैशांत दहा लाखांपर्यंतचा अपघात विमा मिळतो, त्यासाठी फॉर्ममधला एक रकाना भरावा लागतो. जो टूरवाला हा रकाना न सांगता भरतो आणि बसप्रवाशांचाही वेगळा विमा काढतो, त्याच्या गाडीची सीट पाचशे रुपयांनी महाग असली तरी स्वस्तच.

बिघडलं की मग मध्यस्थ कामाला येतो, असं म्हणतात. ते निम्मं खरं आहे. ५ डिसेंबर २०२५ रोजी एका दिवसात इंडिगोची हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. विमानतळावर बॅगांवर डोकं ठेवून बसलेल्यांपैकी ज्यांचा एजंट फोन उचलत होता, त्यांच्यासाठी पर्यायी गाडी किंवा हॉटेल शोधणारं कुणीतरी होतं. बाकीचे कंपनीच्या ॲपवर गोल फिरणारं चक्र बघत राहिले. पण कोविडच्या वेळची गोष्ट वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी विमान तिकिटांच्या परताव्याचा निकाल दिला, त्यात एजंटामार्फत काढलेल्या तिकिटांचे पैसे आधी एजंटाकडे आणि तिथून प्रवाशाकडे असा रस्ता ठरवला. एजंट सचोटीचा असेल तर रस्ता सरळ. नसेल तर पैशाला एक थांबा वाढला.

हजचं उदाहरण त्याहून कडू आहे. २०२५ मध्ये भारतातल्या खासगी हज ऑपरेटरांच्या वाट्याला बावन्न हजारांवर जागा होत्या. सौदी अरेबियातले करार आणि भरणा मुदतीत न झाल्याने त्या गेल्या. शेवटी जेमतेम दहा हजार परत मिळाल्या. आयुष्यभराची पुंजी भरून बसलेली माणसं घरीच राहिली. हज कमिटीमार्फत जागा मिळालेले मात्र गेले. धारूरमधल्या मुस्लिम घरांनी ही तुलना लक्षात ठेवलेली बरी. आणि मोठं नाव म्हणजे सुरक्षितता, असंही नाही. ब्रिटनमधली थॉमस कुक कंपनी २३ सप्टेंबर २०१९ रोजी बंद पडली तेव्हा तिचे दीड लाख ब्रिटिश पर्यटक परदेशात होते. त्यांना सरकारी यंत्रणेने घरी आणलं, कारण तिथे अशा प्रसंगासाठी निधी बांधून ठेवलेला आहे. आपल्याकडे तसा निधी नाही. भारतातली त्याच नावाची कंपनी तेव्हा वेगळ्या मालकीची होती आणि चालू राहिली, एवढं आपलं नशीब.

आपल्याकडे निधी नसला तरी कायदा आहे, आणि तो धारूरच्या माणसाच्या बाजूचा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. टूर कंपनी मुंबईची असो की दिल्लीची, बीडला दावा लावता येतो. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. पण त्यासाठी पावती हवी, हॉटेलांची नावं असलेलं लेखी वेळापत्रक हवं, आणि रद्द केल्यास किती कापणार हे लिहिलेलं हवं. ‘आपला माणूस आहे’ म्हणून रोख दिलेल्या पैशापुढे आयोगही हतबल होतो.

पंढरपूर, तुळजापूर, जेजुरीला एजंट लागत नाही. धारूरला एसटीचं आगार आहे. आषाढीला चाळीसेक प्रवासी जमले तर महामंडळ गावातून गाडी देतं. बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढे फुकट. ह्या प्रवासासाठी कुणी पॅकेज विकायला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवावं. मात्र ह्या सवलती राज्याच्या हद्दीपर्यंतच, हे हैदराबादच्या गाडीत बसण्याआधी आजोबांना सांगून ठेवलेलं चांगलं.

ह्या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्या ध्यानात येत नाही. धारूरहून माणसं बाहेर नेणारे पुष्कळ, धारूरला माणसं आणणारा एकही ठळक दिसत नाही. १५६७ च्या सुमारास आदिलशाही सरदार किश्वरखानाने बांधलेला किल्ला गावाला लागून आहे. परळीला ज्योतिर्लिंग आहे, अंबाजोगाईला योगेश्वरी, मुकुंदराज आणि दासोपंत. योगेश्वरी ही कित्येक कोकणस्थ घराण्यांची कुलदेवता. पुण्या-मुंबईची कुटुंबं लग्नानंतर तिच्या दर्शनाला येतात, ओटी भरतात आणि लगेच माघारी फिरतात. त्यांच्या गाडीला घाटाकडे वळवून किल्ला दाखवणारा, आणि हंगाम असेल तर २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या बीडच्या सीताफळाची पाटी हातात देणारा एजंट धारूरात अजून कुणी झालेला नाही. कमिशन द्यायला ती मंडळी कुरकुरणार नाहीत.