लाखाची गाडी, पायात स्लीपर

हेल्मेटबद्दल पुष्कळ बोलले जाते, आणि ते बोललेच पाहिजे. पायाबद्दल मात्र कोणी बोलत नाही. आपल्या वस्तीत आज जवळपास प्रत्येक दुसऱ्या घरासमोर मोटारसायकल उभी असते. हप्ते फेडून घेतलेली ती गाडी लाखाच्या घरात जाते, पण ती चालवणाऱ्याच्या पायात बहुतेक वेळा रबरी स्लीपर असते. आमचे स्पष्ट मत आहे की ही सवय मोडली पाहिजे.

जालन्याच्या एमआयडीसीत सळईचे कारखाने आणि रोलिंग मिल आहेत. तिथे काम करणारा आपला भाऊ गरम लोखंडाजवळ सेफ्टी बूट घालतो. शिफ्ट सुटली की बूट काढून ठेवतो, स्लीपर चढवतो आणि गाडीला किक मारतो. पाय जपायचा तो फक्त मिलमध्येच, असे का? घरी जायचा रस्ता काही गादीचा नाही. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे बदनापूर असो की अंबड, आपल्याला जुन्याच रस्त्याने ट्रक आणि उसाच्या ट्रॉलीच्या शेजारून जावे लागते.

गाडी घसरते तेव्हा माणूस विचार करत नाही, पाय आपोआप जमिनीवर टेकतो. त्याच पायावर शंभर किलोच्या वर वजनाची गाडी येते. स्लीपर पहिल्याच झटक्यात निघून जाते आणि उघडा पाय डांबरावर घासतो. बोटे, घोटा आणि टाच यांवर मांस कमी असते, म्हणून तिथे चामडी गेली की लगेच हाड लागते आणि जखम भरायला फार दिवस लागतात. घोट्याचे हाड मोडले तर दीड-दोन महिने पाय प्लास्टरमध्ये, आणि त्यानंतरही लगेच वजन उचलता येत नाही. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात याचा अर्थ तेवढे दिवस चूल कशी पेटवायची, हा असतो.

अपघात न होताही स्लीपर दगा देते. पावसात तळवा आणि स्लीपर दोन्ही निसरडे होतात, ब्रेकवरून उजवा पाय सटकतो. अंगठा तुटतो तो नेमका ब्रेक दाबताना. गिअर वर घेऊन घेऊन डाव्या पायाच्या बोटांवर घट्टे पडतात.

मागे बसणाऱ्यांचे हाल वेगळे. लहान मुलाचे पाय फूटरेस्टपर्यंत पोचत नाहीत, ते लोंबकळतात आणि टाच चाकाच्या तारांत जाते. एका बाजूला बसणाऱ्या आयाबहिणींचा पदर आणि पाय दोन्ही चाकाजवळ असतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांत, 1989 पासून, मागे बसणाऱ्यासाठी धरायची कडी, फूटरेस्ट आणि मागचे चाक निम्मे तरी झाकणारी जाळी असावी असे सांगितले आहे. आपण मात्र जाळी काढून ठेवतो, कारण गाडी 'स्मार्ट' दिसत नाही. ती आजच पुन्हा बसवावी.

उतरताना सायलेन्सर लागून पोटरी भाजणे तर घरोघरीचे. बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे असतो, म्हणून उतरायचे ते डावीकडून. भाजलेच तर लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे पाय धरावा. टूथपेस्ट, हळद, शाई काहीही लावू नये, फोड फोडू नये.

आता प्रश्न येतो परवडण्याचा. खास मोटारसायकलचे बूट काही हजारांना मिळतात. ते आपल्यासाठी नाहीत हे आम्हालाही कळते. पण कामाचा सेफ्टी बूट हा आपल्या आवाक्यातला मार्ग आहे. घेताना एवढे पाहावे:

• बुटावर आयएसआयची खूण आणि आयएस 15298 हा क्रमांक असावा. त्याच्या भाग 2 मधल्या बुटाची टोपी 200 ज्यूलचा मार सोसते.

• बूट घोटा झाकणारा असावा. बुटका बूट बोटे वाचवतो, घोटा वाचवत नाही.

• तळवा रबराचा, खाचांचा, तेलावर न घसरणारा असावा. पण इतका जाडही नको की गिअर-ब्रेक पायाला कळू नये.

• संध्याकाळी, मोजे घालून माप घ्यावे. दिवसभरात पाय थोडा सुजतो. पुढे अर्धा इंच मोकळे राहावे, टाच मात्र उचलली जाऊ नये.

• पुढची टोपी जाड असते. दुकानाबाहेर उभ्या गाडीवर बसून गिअरखाली पाय जातो का, ते पाहूनच पैसे द्यावेत.

• नाडी लोंबती ठेवू नये, बुटात खोचावी. ती फूटरेस्टला अडकली की पाय टेकताच येत नाही.

एवढेही जमत नसेल तर नाडीचा साधा, बंद, घट्ट बसणारा बूट घ्यावा. तोही स्लीपरपेक्षा कितीतरी बरा.

"उन्हाळ्यात बुटात पाय शिजतो," असे सांगितले जाते. मराठवाड्याचा मे महिना आम्हालाही ठाऊक आहे. त्यावर उपाय म्हणजे सुती मोज्यांचे दोन जोड, रोज धुतलेला मोजा आणि रात्री उघड्यावर वाळवलेला बूट. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवल्या तर चिखल्या होत नाहीत. ज्यांना शुगर आहे त्यांनी अधिक जपावे. पाय बधिर झालेला असतो, बूट चावलेला कळत नाही. त्यांनी रोज रात्री उजेडात तळवे पाहावेत आणि नवा बूट सुरुवातीला तासभरच घालावा.

चप्पल घातली म्हणून दंड होतो, अशी अफवा 2019 मध्ये पसरली होती. तसा दंड नाही, हे केंद्रीय मंत्र्यांच्या कार्यालयानेच सांगितले. पण दंड नाही म्हणून धोका नाही, असे होत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ज्यांच्या पगारातून ईएसआयची कपात होते, त्यांचा कामावर जाता-येता झालेला अपघातही, कामाशी संबंध दाखवता आला तर, कामावरचाच धरला जातो. 2010 च्या दुरुस्तीने ही सोय झाली. म्हणून अपघात झाला तर वेळ, जागा आणि दवाखान्याचा कागद जपून ठेवावा. कंत्राटी कामगारांनी बूट आणि ईएसआय या दोन्हींबद्दल ठेकेदाराला एकट्याने नव्हे, मिळून विचारावे.

एके काळी आपल्या आज्या-पणज्यांना गावातल्या आळीतून जाताना पायातली वहाण हातात घ्यावी लागत होती. आज पायात काय घालायचे हे आपण ठरवतो. मग ते विचाराने ठरवावे. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी केला, तर वस्तीतल्या काही कामगारांचे बूट येतील. मंडळांनी येत्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी आमची सूचना आहे.