वसुबारस आणि वाघबारस

आश्विन वद्य द्वादशीचा दिवस होता. घरांत वसुबारशीची गडबड चालली होती. गहूं आणि दूधदुभतें त्या दिवशीं वर्ज्य, म्हणून बाजरीच्या भाकरी व गवारीची भाजी यांची तयारी सुरू होती. गोठा मोडून पुष्कळ वर्षें झालीं, तेव्हां पूजेसाठीं चांदीची सवत्स धेनु घासूनपुसून पाटावर ठेविली होती. अशा ऐन वेळीं, आमच्याकडे दहाबारा वर्षें कामास येणारी वारली बाई दुपारींच घरीं जावयास निघाली. "आज आमची वाघबारस हाय, आई," एवढेंच तिनें सासूबाईंना सांगितलें. घरांत थोडी कुरकुर झाली. ती मिटवावी म्हणून आम्हीं मोठ्या शहाणपणानें म्हटलें, "अग, तुमचा वाघोबा म्हणजे आमच्या शंकराच्याच गणांपैकीं एक. तोहि आपलाच देव!" तिनें पदर खोंचला आणि शांतपणें उत्तर दिलें, "तो तुमच्या शंकराचा कोण लागतो, तें मला नाय ठावं. आमच्या गुरांचा तो कोण लागतो, तें ठावं."

या उत्तरानें आमचें शहाणपण जागच्या जागीं थांबलें. आज वाचकांपुढें तोच विषय मांडावयाचा आहे.

वसई-विरारचें आमचें जग बहुधा रेल्वेच्या पश्चिमेस संपतें. पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर आहेत. पारोळ, भाताणे, मांडवी, उसगांव या बाजूस वारली, मल्हार कोळी, कातकरी यांचे पाडे आहेत. २००३ सालीं तुंगारेश्वराचें रान अभयारण्य म्हणून जाहीर झालें, आणि त्या रानांत बिबळ्या अद्यापि फिरतो. वाघोबाचें ठाणें म्हणजे बहुधा वाघाची आकृति, वर चंद्रसूर्य कोरलेला दगड किंवा लांकडी फळी, आणि तिजवर शेंदूर. त्याची कथा वारली लोक अशी सांगतात कीं, एका कुमारिकेच्या पोटीं जन्मलेला हा मुलगा वाघ होऊन गुरांवर पडूं लागला. तेव्हां असा करार झाला कीं गांवानें वर्षांतून एकदां त्याचा मान त्यास द्यावा व त्यानें गांवास सोडावें. त्या कराराचा दिवस तो वाघबारस. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत मुंबई उपनगर, ठाणें व पालघर या जिल्ह्यांतील दीडशेंच्या घरांत अशीं ठाणीं नोंदलेलीं आहेत.

आतां तिथि पाहा. ज्या दिवशीं आम्ही गायवासराची पूजा करितों, त्याच दिवशीं पाड्यावर वाघाची पूजा होते. आम्हांस वाटतें, हा निव्वळ योगायोग नसावा. रानाच्या कडेला गुरें राखून जगणाऱ्या माणसाला गायीची जेवढी चिंता, तेवढेंच वाघाचें भय. एकाच कुरणाच्या या दोन बाजू आहेत. आमच्या घरांतून रान गेलें, मग गोठाहि गेला, आणि चांदीची धेनु तेवढी उरली. सणाचा अर्धा भाग आमच्याकडे आहे. दुसरा अर्धा त्या बाईच्या घरीं आहे.

हें ऐकून एखादे आजोबा म्हणतील, "आपल्या वैदिक धर्माचा या दगडाधोंड्यांशीं संबंध काय?" त्यांना आमची एकच विनंति आहे: आपल्याच देवघरांत एकवार निरखून पाहावें. अनेक घरीं कुलदैवत म्हणून पुजला जाणारा तांदळा, म्हणजे शेंदूर लावलेला अनघड दगड, कोणत्या शिल्पशास्त्रांत बसतो? भाद्रपदांत सुना-लेकी पाणवठ्यावरून मुक्यानें पांच किंवा सात खडे आणतात आणि तींच गौर होऊन घरांत शिरतात. मूल सहा दिवसांचें झालें म्हणजे पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा करितों, आणि तिनें बाळाचें भाग्य लिहावें म्हणून कोरा कागद व लेखणी ठेवितों. षष्ठी हें संस्कृत नांव तिला असेल. पण पूजा होते ती दगडाचीच, आणि ती सांगणारी असते घरांतील म्हातारी. भटजींच्या पोथीवांचून चालणारा धर्म आमच्याच स्वयंपाकघरांत नांदत आहे.

विद्वानांनीं या वाटेनें बरेंच संशोधन केलें आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं पुण्याच्या आसपास पायीं हिंडून शेंदरी दगडांचीं ठाणीं अभ्यासिलीं आणि १९६२ सालीं आपले निबंध ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. रा. चिं. ढेरे यांनीं १९८४ च्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथांत पंढरीच्या विठोबाचें मूळ गवळी-धनगरांच्या दैवतांत शोधिलें. दूर ओरिसांत पुरीच्या जगन्नाथाची कथा तर उघडच आहे. तो देव प्रथम शबरांच्या विश्वावसूनें रानांत पुजला, असें पुराणकथाच सांगते; आणि २०१५ सालीं नव्या मूर्ति घडविल्या, तेव्हांहि आपणांस त्या विश्वावसूचे वंशज मानणाऱ्या दैतापतींकडेच त्या विधींतील मुख्य मान होता.

इतक्या लांब जाण्याचेंहि कारण नाहीं. विरारच्या जीवदानीची एक कथा अशी सांगतात कीं, एका महार गुराख्याच्या कळपांत रोज एक परकी गाय चरे. तिची धनीण शोधीत तो डोंगरमाथ्यावर गेला आणि चराई मागूं लागला, तों ती धनीण साक्षात् देवी! ज्याला पुढें गांवानें वेशीबाहेर ठेविलें, त्यालाच देवीनें पहिलें दर्शन दिलें, ही गोष्ट पायऱ्या चढतांना आपण विसरतों. डहाणूजवळ विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा चैत्री पौर्णिमेस भरते. मुंबईहून मोटारी भरभरून लोक जातात. तेथील पुजाऱ्यांचा मान आदिवासी घराण्याकडे आहे, आणि मध्यरात्रीं अवघड कडा चढून ध्वज लावण्याचा मानहि वाघाडी गांवच्या त्यांच्याच घराण्याकडे आहे.

आमच्या भगिनींना विशेष सांगण्याजोगी गोष्ट वारल्यांच्या लग्नाची आहे. भिंतीवर तांदळाच्या पिठानें सुवासिनी चौक लिहितात, त्यांत पालघाट देवी बसते, आणि लग्नाचे विधि गाण्यांतून चालविते ती धवलेरी, म्हणजे एक स्त्री. आमच्या मुली वेद शिकूं शकतात काय, यावर पुण्या-मुंबईस वाद झडत असतां, दोन कोसांवरच्या पाड्यांत बाई पौरोहित्य करीत होती!

येथें एक खुलासा केला पाहिजे. प्रत्येक देव रानांतूनच आला, असें आमचें म्हणणें नाहीं. देणेंघेणें दोन्ही बाजूंनीं झालें आहे. वारल्यांच्या नारनदेवाच्या नांवांत नारायण ऐकूं येतो. पण या व्यवहारांत दोन चुका आमच्याकडून होत आल्या. पहिली, त्यांच्या देवाला दगड म्हणण्याची. ती ओळखूं येते, म्हणून सुशिक्षित माणूस ती टाळतो. दुसरी अधिक गोड आहे, म्हणून अधिक फसवी: "तुमचा देव म्हणजे आमच्याच देवाचें रूप." असें म्हणतांना आपण उदार झालों असें वाटतें, वास्तविक आपण दुसऱ्याच्या घरावर आपल्या नांवाची पाटी लावीत असतों. आम्हीं त्या दुपारीं केली ती हीच चूक. ऋण घेतलेल्यानेंच सावकाराला आश्रित म्हणावें, तसा तो प्रकार.

आणि हें ऋण केवळ देवघरापुरतें नाहीं. आज पूर्वेकडील डोंगर खाणींनीं पोखरले जात आहेत, शहर पाड्यांच्या अंगणापर्यंत पोंचलें आहे. रान गेलें तर वाघोबाचा दगड राहील, पण करार कोणाशीं करावयाचा? आमची जी गत धेनूची झाली, तीच त्यांच्या वाघाची होईल.

पुढील वसुबारशीस आम्हीं घरांत एक ठरविलें आहे. त्या बाईची रजा आमच्या पंचांगांत आधींच लिहिलेली असेल, आणि तिचा पगार कापला जाणार नाहीं. मुलांना वाघोबाची गोष्ट आम्ही सांगणार नाहीं. तिला वेळ असेल आणि मन असेल, तर ती सांगेल, आणि आम्ही मुलांच्या रांगेंत बसून ऐकूं.