आधी आयर्न बदला
ओतूर परिसरातील मुलांना इलेक्ट्रॉनिक्सची गोडी लागायला खोडदची जीएमआरटी रेडिओ दुर्बीण आणि तिथले विज्ञान दिनाचे प्रदर्शन पुरेसे आहे. घरी मात्र हाती येतो तो साधा २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न. कथील-शिशाचे सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागते. या आयर्नचे टोक त्यापुढेही तापतच राहते आणि सोल्डरमधली राळ जळून धूर होतो. पालकांना धास्ती शिशाच्या वाफेची. पण एवढ्या उष्णतेला शिशाची वाफ जवळजवळ होतच नाही. ते पोटात जाते न धुतलेल्या हातांवाटे. दमा जडू शकतो तो राळेच्या धुराने! तेव्हा नव्या किटआधी तापमान ठरवता येणारा आयर्न घ्यावा, ३५० अंशांच्या आत वापरावा. परवडत नसेल तर शाळेने एक घ्यावा. धूर कमी होईल, थांबणार नाही. खिडकी उघडी हवीच.