घास आणि धास्ती

कुत्र्यापुढे थाळी ठेवावी आणि आपण पाण्याचा तांब्या आणायला वळावे, तोवर थाळी चाटूनपुसून लख्ख! मग आपण म्हणतो, ‘काय हावरट आहे मेला!’ या ‘हावरट’ शब्दावर माझी हरकत आहे. नोकरीची सारी वर्षे बँकेत गेल्याने मला एक ठाऊक आहे : पैसे बुडणार अशी आवई उठली की सज्जन खातेदारही रांगेत धक्काबुक्की करतात. त्यांना कोणी हावरट म्हणत नाही. कुत्र्याचेही तसेच आहे.

थोडा दोष निसर्गाचा. कुत्र्याचा जबडा वर-खाली हलतो, गाईसारखा आडवा फिरत नाही. घास घोळवून चावण्याची सोयच त्याला नाही. त्यात आचळापाशी भावंडांशी झोंबून वाढलेले पिल्लू ‘आधी गिळा, मग बघा’ हाच धडा शिकते. पनवेल स्टेशनाबाहेरच्या कुत्र्याला तर बिस्किटाचा तुकडा आणि दुसऱ्या कुत्र्याचे दात एकदमच दिसतात. आपण पनवेलकर तरी काय वेगळे? लोकल पकडायची म्हणून उभ्याउभ्या पोळी कोंबणारे आपणच.

पण हे हसण्यावारी नेऊ नये. भराभर गिळताना हवाही पोटात जाते. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड अशा खोल छातीच्या कुत्र्यांत कधीकधी पोट फुगून पीळ पडतो. पोट ढोलासारखे ताणलेले, ओकारी येते पण बाहेर काही पडत नाही, लाळ गळते, जिवाची घालमेल होते. अशा वेळी घरगुती काढे करीत बसू नये, तडक पशुवैद्य गाठावा. काही तासांत जीव जातो. भांडे स्टुलावर ठेवले की धोका टळतो, असे पुष्कळजण मानत. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० सालच्या अभ्यासात मोठ्या कुत्र्यांच्या बाबतीत उलटेच आढळले.

उपाय साधे आहेत. आत उंचवटे असलेली खास भांडी बाजारात मिळतात. न परवडली तर रुंद परातीत अन्न पसरून द्यावे, किंवा मधोमध एक गुळगुळीत गोटा ठेवावा, मात्र तोंडात मावणार नाही एवढा मोठा. एका वेळचे जेवण दोन-तीन हप्त्यांत द्यावे. घरात दोन कुत्री असतील तर पाने वेगळी, आणि शक्यतो खोल्याही. वेळ ठरलेली असावी आणि जेवताना कोणी छेडू नये. खरे औषध हेच. उद्याचा घास नक्की मिळणार, हे पटले की पुष्कळ कुत्र्यांची धास्ती हळूहळू ओसरते.

घरात जे खरे, ते रस्त्यावरही खरे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्याच्या जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून दूर असाव्यात असे म्हटले आहे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक प्रभागात अशा जागा ठरवून देण्यास सांगितले. आपली पनवेल महापालिका २०१६ साली झाली. जागा आखणे तिचे काम. पण एकाच ढिगाने भात ओतून स्कूटरला किक मारणारा दयाळू माणूस भूतदया करीत नाही, भांडण लावून जातो. त्या झटापटीत सापडते ते शाळेतून येणारे पोर. वेगवेगळी पाने मांडावीत, संपेपर्यंत उभे राहावे, उरलेले उचलावे, आणि त्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण झाले का याची चौकशीही करावी.

पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आपण तूप लक्षात ठेवतो. मला त्यातले धावणे महत्त्वाचे वाटते : घास देऊन त्यांचे काम संपले नव्हते, तो सुखाने पोटात जावा ही जबाबदारी त्यांनी आपली मानली. दान टाकणे सोपे असते; खाणाऱ्याला स्वस्थपणे जेवू देणे अवघड. कुत्र्याला सावकाश खायला शिकवायचे असेल, तर आधी आपल्याला तेवढा वेळ थांबता आले पाहिजे.