उभा निवडुंग : आधी बांधावर, मग वावरात

पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड भागात बैठक घेतली, की हल्ली एक प्रश्न हटकून येतो. "साहेब, ते खांबासारखं उभं वाढणारं निवडुंग लावावं का? फळ येतं म्हणतात, अन् पाणी लागत नाही."

झाड खोटं नाही. मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, शास्त्रीय नाव सेरियस. वेलासारख्या ड्रॅगनफ्रूटला सिमेंटचे खांब अन् कड्या लागतात. हे आपल्या पायावर उभं राहतं. फळाला काटे नसतात. साल लाल-जांभळी किंवा पिवळी, आत पांढरा गोड गर अन् काळं बी. इस्रायलच्या नेगेव वाळवंटात बेन गुरियन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी त्याची लागवड बसवली अन् फळ युरोपात विकायला गेलं. पण तिथेही ठिबकने पाणी देतात, हे रोपं विकणारा सांगत नाही. कमी पाण्यावर झाड जगतं. फळ धरायला मात्र पाणी अन् खत लागतंच.

दुसरी गोष्ट फुलाची. फूल रात्री उमलतं अन् सकाळी मिटतं. त्यातही बरीच झाडं स्वतःच्या परागावर फळ धरत नाहीत. एकाच झाडाची कांडी तोडून एकरभर लावली, तर ती सगळी एकच झाड झाली. फुलं येतील, फळ धरणार नाही. म्हणून वेगवेगळ्या मूळ झाडांच्या कांड्या घ्या. कापलेलं तोंड सावलीत वाळू द्या, मगच लावा. मुरमाड, निचऱ्याची जमीन हवी. चिबड काळ्या रानात कांडी सडते.

एक सावधगिरी. बांधावरचं त्रिधारी निवडुंग अन् शेर ही याची भावकी नव्हे. त्यांचा चीक विषारी असतो. तोडल्यावर पांढरं दूध आलं, तर ते झाड हे नव्हे. पोरांनाही सांगून ठेवा.

आता मुद्द्याचं. 2000 नंतर जट्रोफाचं असंच वारं आलं होतं. "पडीक रानात सोनं" म्हणत लोकांनी लावलं. पुढे बी घ्यायला कोणी येईना. चूक झाडाची नव्हती. आपण बाजार न पाहता लावलं, ही चूक होती. हे फळ पिकलं की तडकतं. तडकलेला माल लांब जात नाही. तेव्हा आधी नगरच्या अडत्याला विचारा, "घेणार का, अन् काय भावानं?" त्याने मान हलवली, तर कर्ज काढू नका.

माझं म्हणणं एवढंच. यंदा बांधावर दोन-तीन जातींच्या मिळून दहा कांड्या लावा. तीन-चार वर्षं फूल, फळ, गिऱ्हाईक बघा, वहीत लिहा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात जाऊन शास्त्रज्ञांना विचारा. दहा कांड्या मेल्या तर कोणी बुडत नाही. एकर बुडाला, तर घर बुडतं.