हात घसरला की मन बदलले?

'बोली' म्हटले की आपल्या सीमाभागात पहिला प्रश्न येतो, मराठी की कानडी? ब्रिज खेळणाऱ्यांची बोली मात्र तिसरीच. हातातली तेरा पाने पाहून आपण आणि भिडू मिळून किती हात करू, याचा तो दिलेला शब्द. दिला की दिला!

पण माणसाचा हात चुकतो. स्पर्धेत बोली तोंडाने देत नाहीत, टेबलाला लावलेल्या डबीतून कार्ड काढून ठेवतात. बदाम आणि इस्पिक यांची कार्डे लागूनच. काढायचे असते 'एक इस्पिक', पडते 'एक बदाम'. मग?

२०१७ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतला पंचविसावा नियम याचसाठी आहे. हात किंवा जीभ घसरली असेल, तर भिडूने पुढची बोली देईपर्यंत ती सुधारता येते. मधल्या प्रतिस्पर्ध्याने बोली दिली असली तरी हरकत नाही, त्यालाही आपली बोली मागे घेता येते. अट एकच, चूक ध्यानात येताच, विचार करत न बसता बदल करायचा. 'लक्ष नव्हते' किंवा 'आता दुसरे सुचले' ही सबब चालत नाही. जे मनात होते तेच पडले असेल, तर ते तसेच राहते.

आता मनात काय होते, हे पंचाला कसे कळणार? तो खेळाडूलाच विचारतो. मी पाहिलेल्या एका डावात निवृत्त मास्तरांनी 'एक बदाम' टाकले आणि लगेच दचकले. शेजारचेच कार्ड आले असणार, असे आम्हा सगळ्यांना वाटले. पंचाने विचारले तेव्हा मास्तर म्हणाले, "नाही हो, बदामच काढायचं होतं. इस्पिक बरं, हे टाकल्यावर सुचलं." डाव तीन हातांनी बुडाला. त्यांचा कानडी भिडू एवढेच म्हणाला, "होगली बिडी, मास्तर."

दोन भाषांच्या घरात आपल्याला एक सोयीची पळवाट असते. सुनेला लागेल असे बोलायचे आणि मग म्हणायचे, "माझं कानडी कच्चं गं, तसं म्हणायचं नव्हतं." कधी ते खरेही असते; चुकीचा शब्द जातो, आपण तिथल्या तिथे सुधारतो आणि सगळे हसतात. पण मनात होते तेच तोंडून गेले असेल, तर बिचाऱ्या भाषेवर कशाला ढकलायचे? अशा वेळी सरळ "चुकलं माझं" म्हणावे. ते दोन्ही भाषांत कळते.