जनुक-बदल बियाणे आणि निंदणाऱ्या बाया

जनुक-बदल पिकांवरच्या वादात दोन बाजू ठरलेल्या असतात. एक म्हणते, हे विज्ञान आहे, शेतकऱ्याला त्याचे स्वातंत्र्य द्या. दुसरी म्हणते, हे विष आहे, बंदी घाला. आपल्या गटांनी बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूच्या निवेदनांवर सह्या केल्या. मीही केल्या. त्या सह्यांबद्दल आज थोडे वेगळे म्हणायचे आहे.

निमित्त यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बैठकीचे. तणनाशक सहन करणाऱ्या कापसाच्या विरोधातले पत्रक मी वाचून दाखवत होते. या बियाण्याला परवानगी नाही, तरी चोरवाटेने ते विदर्भात येते आणि पेरले जाते. उभ्या पिकावर तणनाशक फवारले तरी कापूस तगतो, तण तेवढे मरते. म्हणजे निंदण वाचते, आणि निंदण हे बायांचे काम. पत्रकात लिहिले होते, 'यामुळे स्त्रियांचा रोजगार जाईल.' वाचून झाल्यावर एक बाई म्हणाली, "ताई, तुमी एक दिवस आमच्यासंगं निंदाले या, मंग सांगा काय वाचवाचं ते." तिच्या शेजारची लगेच म्हणाली, "अन् निंदण गेलं तं खाचं काय?"

पहिलीच्या घरी तीन एकर वावर, सातबारा अर्थातच नवऱ्याच्या नावावर. दुसरी भूमिहीन. दोघीही खऱ्या बोलत होत्या, आणि माझ्या पत्रकात दोघींपैकी कुणालाच उत्तर नव्हते.

सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तांत्रिक तज्ज्ञ समितीने २०१३ च्या अंतिम अहवालात तणनाशक-सहनशील पिके भारताला अयोग्य ठरवली. त्यामागे ग्रामीण उपजीविकेचा विचारही होता. तो मला पटतो. निंदणाबरोबर मजुरी जाते आणि ओट्यातून घरी येणारी भाजीही जाते. तरोटा, घोळ, केना शेतमालकाला तण वाटतात, पण मजूर बाईच्या घरी ते संध्याकाळचे कालवण असते. तरीही, दिवसभर वाकून केलेल्या, पुरुषापेक्षा कमी मजुरीच्या कामाला 'रोजगार' म्हणून जपायचे, असे आपण किती सहजपणे लिहितो! कंबर तिची, तत्त्व आपले.

दुसऱ्या बाजूचेही तसेच. ज्या शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी बायकांचे प्रचंड अधिवेशन भरवले, त्या परंपरेतल्या कार्यकर्त्यांनी जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीर येथे हे बियाणे जाहीरपणे पेरले. कायदेभंगाचे धाडस होतेच. निंदणाचा खर्च वाचतो हे त्यांचे म्हणणेही खोटे नाही. पण तो 'खर्च' म्हणजे कुणाच्या तरी चुलीचा सरपण-किराणा, हे त्या हिशेबात कुठे आले?

बियाण्याच्या फायद्यातोट्याबद्दलही आपण सरळ बोलले पाहिजे. बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. सुरुवातीला बोंडअळीवरच्या फवारण्या कमी झाल्या, हे शेतकरी बायाच सांगतात. पुढे गुलाबी बोंडअळी त्याला पुरून उरली. २०१७ च्या हंगामात तिने महाराष्ट्राचा कापूस पोखरला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-मजूर गेले. फवारा पुरुषाच्या पाठीवर होता. पाणी भरून देणारी, विषाने भिजलेले कपडे धुणारी, आणि मागे राहिलेली बाईच होती.

खाण्याचे म्हणाल, तर बाजारात असलेले जनुक-बदल अन्न तपासणीतून गेलेले आहे, त्यापासून आरोग्याला धोका संभवत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. मात्र प्रत्येक वाणाची तपासणी वेगळी झाली पाहिजे, असेही म्हणते. 'खाल्ले की वांझ व्हाल' अशा अफवांना आपण खतपाणी घालू नये. बाईच्या गर्भाशयाची भीती दाखवून चळवळ चालवणे आपल्याला शोभत नाही. बीटी वांग्याला फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती मिळाली, कारण स्वतंत्र चाचण्या पुरेशा नव्हत्या. ती मागणी रास्त होती. पण बांगलादेशाने २०१३ मध्ये तेच वांगे स्वीकारले आणि तिथे कीटकनाशकाचा वापर घटल्याचे अभ्यासांत दिसले. ही बातमी आपल्या सोयीची नाही म्हणून दडवायची का? ग्लायफोसेट हे तणनाशक बहुधा कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्याच कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये म्हटले. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याला ते मान्य नाही. ज्या बाईच्या अंगावर ते उडते, तिला हा वाद मराठीत कुणी सांगितला आहे?

जुलै २०२४ मध्ये जनुक-बदल मोहरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे मत वेगळे पडले. पण सर्व संबंधितांशी चर्चा करून राष्ट्रीय धोरण ठरवा, असे दोघांनीही सांगितले. मला हे 'सर्व संबंधित' महत्त्वाचे वाटतात. कंपन्या, शास्त्रज्ञ, शेतकरी नेते, पर्यावरणवादी तिथे बोलतीलच. निंदणारी बाई संबंधित आहे की नाही?

म्हणून 'बंदी हवी की नको' एवढ्यावर आता मी सही करणार नाही. मला हवे आहे ते असे : कोणत्याही वाणाला परवानगी देण्याआधी बायांच्या मजुरीवर काय परिणाम होईल याचा अभ्यास व्हावा, आणि तो गावसभेत मराठीत मांडला जावा. निंदण कमी होणार असेल, तर पावसाळ्याच्या त्या महिन्यांत रोजगार हमीचे काम गावातच, समान मजुरीने मिळावे. चोरट्या बियाण्याची पावती नसते, म्हणून फसलेल्या कुटुंबाला दादही मागता येत नाही. तेव्हा कारवाई विकणाऱ्यावर व्हावी, पेरणाऱ्यावर नव्हे. जनुक-बदल अन्नावर ठळक मराठीत तसे लिहिलेले असावे. आणि सातबाऱ्यावर बाईचे नाव असावे, म्हणजे काय पेरायचे हे ठरवताना तिला विचारावेच लागेल.

त्या बैठकीनंतर मी खरोखरच निंदायला गेले. दुपारी दोनपर्यंत टिकले. पत्रक अजून पुरे झालेले नाही. ते पुढच्या बैठकीत त्या दोघींना समोर बसवून लिहायचे आहे.